'हॅरीला आता निरोप द्या' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

रानजाई

काल या मंचावर शेवटचं_पान यांनी जे लिहिलं ते वाचून मला रात्री धड झोप लागली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं, आठवा सिनेमा १५ जुलै २०११ ला आला, गोष्ट तिथे संपली. त्यानंतरचं सगळं म्हणजे रिकाम्या भांड्याचा तळ खरवडणं. लहानपणी ज्यांनी ही पुस्तकं वाचली त्यांनी ती आता एखाद्या मुलाच्या हातात द्यावीत, शेवटचा सिनेमा एकदा बघावा आणि मानाने निरोप घ्यावा. इथवर मी गप्प बसले असते. पण शेवटी त्यांनी लिहिलं: "चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने अकरा वर्षांच्या पोराचं बोट धरून चालणं हे वाढ खुंटल्याचं लक्षण आहे."

याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. लांबेल, इलाज नाही.

माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. हुशार होता, पण अक्षरं जागेवर राहायची नाहीत. मराठीत घ आणि ध, इंग्रजीत बी आणि डी. पुस्तक समोर आलं की त्याचे तळहात ओले व्हायचे, मी पाहिलेत. मी त्याला 'हॅरी पॉटर आणि परीस' मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचे भाग मी इंग्रजीतून वाचायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. सहा पुस्तकं अशी झाली. सातव्याच्या शेवटी ती 'एकोणीस वर्षांनंतर'ची थोडीशी पानं आहेत ना, ती त्याने हातात घेतली आणि म्हणाला, हे मी वाचणार, तू मध्ये बोलायचं नाही. चार दिवस लागले. बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. मी शेजारी बसून होते आणि खरंच एक शब्द बोलले नाही.

आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे. पण फार खचला की अजून फोन करतो आणि एवढंच म्हणतो, "वाच." मी कुठलाही भाग उघडते आणि वाचते. याला वाढ खुंटणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दुसरं असं की पुस्तक तेच राहतं, वाचणारी बदलते. पंधराव्या वर्षी मला पाचव्या भागातला हॅरी सहन व्हायचा नाही. सारखा ओरडतो, सगळ्यांवर डाफरतो. पस्तिशीत तेच पुस्तक वाचलं तेव्हा दिसलं की या मुलाने काही आठवड्यांपूर्वी शाळेतल्या सेड्रिकला डोळ्यांसमोर मरताना पाहिलंय, आणि मोठ्या माणसांपैकी एकही त्याच्याशी धड बोलत नाहीये. त्याच पुस्तकात रॉनच्या आई, मिसेस वीझली, बोगार्ट (समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा जीव) घालवायला जातात आणि जमिनीवर एकेका मुलाचं प्रेत दिसत जातं, रॉन, बिल, जुळे, पर्सी, शेवटी हॅरी. लहानपणी हे पान मी भराभर उलटलं होतं. आता तिथे थांबून पुस्तक मिटून ठेवावं लागलं. पंधराव्या वर्षीच निरोप घेतला असता तर हे पान मला कधी भेटलंच नसतं.

शेवटच्या सिनेमाच्या प्रीमियरला लंडनमध्ये ट्रॅफल्गार चौकात खुद्द लेखिका रोलिंगबाईंनी सांगितलं होतं की पुस्तकातून या नाहीतर पडद्यावरून या, हॉगवर्ट्स, ती जादूची शाळा, तुमच्या स्वागताला कायम असेल. ज्यांनी ते घर बांधलं त्या दार उघडं ठेवून गेल्या. तुम्ही कोण कडी लावणारे?

शेवटचं_पान

रानजाई, तुमच्या भावाची गोष्ट वाचली. माझं वाक्य तुमच्यासाठी नव्हतं. ते कठोर झालं हे मान्य करतो, पण मागे घेत नाही.

मला निर्दय समजू नका. २००७ साली मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं. पहाटे संपलं. शेवटच्या ओळींत हॅरीचा व्रण एकोणीस वर्षं दुखला नव्हता असं येतं, आणि मी पुस्तक छातीवर ठेवून नुसता पडून राहिलो. त्या पोरासाठी मला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. कपाटातल्या खोलीत वाढलेला, दर वर्षी कोणीतरी मारायला टपलेलं, आणि आता तो आपल्या मुलाला गाडीत बसवून देतोय. माझा निरोप तिथे झाला होता. खरा, मनापासूनचा.

मग २०१६ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात हॅरीचं नाटक आलं आणि त्याची संहिता छापली गेली. सुरुवात कुठे? त्याच फलाटावर. ज्या फलाटावर मी त्याला सुखरूप सोडून आलो होतो तिथूनच पुन्हा त्याला ओढून आणला. बाप म्हणून नापास, मुलाला नको ते बोलून बसलेला, वर त्याच्या वैऱ्याला, वोल्डेमॉर्टला, एक मुलगी. मी तेही एका बैठकीत वाचलं, आणि त्या दिवशी माझा नऊ वर्षांपूर्वीचा निरोप खोटा पडला. मग त्याच जगातल्या न्यूट स्कमँडरचे सिनेमे. पाच करणार होते, २०१६, २०१८ आणि २०२२ असे तीन झाले आणि गोष्ट अर्ध्यावर लटकली. आता एचबीओची मालिका, नवी मुलं घेऊन पुन्हा पहिल्या पुस्तकापासून.

उघडं दार म्हणता ना, माझ्या घराचं दार मला न विचारता कोणी रोज उघडत असेल तर कडी मीच लावणार.

आठवी_रांग

दोघंही पुस्तकवाले, म्हणून सिनेमावाल्यांचं कोणी विचारत नाही. आमचं दुःख वेगळं आहे.

मी हॅरीचं काम करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफच्याच वयाचा. तो १९८९ चा, मीही. पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो अकराचा होता, शेवटच्याचं संपलं तेव्हा एकवीसचा. त्याचा आवाज फुटला तेव्हा माझा फुटला होता. तिसऱ्या सिनेमात दिग्दर्शक क्वारॉनने पोरांना गणवेशातून काढून साध्या कपड्यांत आणलं, शर्ट बाहेर, टाय सैल, तेव्हा आम्ही शाळेत तसेच फिरत होतो. दहा वर्षं. पुस्तकातला हॅरी तुम्ही कधीही पुन्हा अकरा वर्षांचा करू शकता, पहिलं पान उघडलं की झालं. ती तीन मुलं पुन्हा लहान होणार नाहीत.

आणि त्या सिनेमांतली माणसं जातायत हो. रिचर्ड हॅरिस तर दुसरा सिनेमा लागायच्या आधी, २००२ मध्येच गेले. ॲलन रिकमन २०१६ मध्ये, रॉबी कोल्ट्रेन २०२२ मध्ये, मायकेल गॅम्बन २०२३ मध्ये, मॅगी स्मिथ २०२४ मध्ये. मॅगीबाई गेल्याचं वाचलं त्या संध्याकाळी मी शेवटचा सिनेमा लावला. त्यात त्या शाळेतल्या दगडी पुतळ्यांना जागं करतात आणि मग हळूच म्हणतात की हा मंत्र वापरून बघायचं मनात होतं. तिथे मी रडलो, सांगायला लाज नाही.

तेव्हा शेवटचं_पान यांच्याशी मी सहमत आहे. नवी मालिका नको. रिकमनच्या जागी दुसरं कोणी उभं केलेलं मला बघायचं नाही. सिनेमांनी निरोप नीट दिला होता. शेवटच्या दृश्यात पहिल्या सिनेमाच्या अखेरची जॉन विल्यम्सची धून परत वाजते, एवढं मला पुरे.

घुबड

"सिनेमांनी निरोप नीट दिला"? हे वाचून गप्प बसवत नाही.

हेडविगचं, हॅरीच्या पाळलेल्या घुबडाचं, काय केलं ते आठवतंय का? पुस्तकात ती पिंजऱ्यात मरते. हॅग्रिडच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये हॅरी बसलाय, वरून हल्ला होतो, हिरवी तिरीप येते, ती किंचाळते आणि पिंजऱ्याच्या तळाशी पडते. संपलं. ना तिने काही केलं, ना तिला काही करता आलं. पुढच्या क्षणाला साइडकार मोटरसायकलपासून सुटते, हॅरी कसाबसा हॅग्रिडच्या मागे जातो आणि पाठलाग करणाऱ्यांना अडवायला त्याच साइडकारचा स्फोट करतो. तिचं शरीर आतच असतं. पुरायलासुद्धा काही उरत नाही. त्याच्यासाठी जीव दिलेल्या डॉबीसाठी त्याने जादू न वापरता स्वतःच्या हाताने खड्डा खणला, हेडविगसाठी तेही नाही.

सिनेमात तिला आधीच मोकळं सोडतात, मग ती ऐनवेळी परत येते, वोल्डेमॉर्टच्या माणसावर, डेथ ईटरवर, झेपावते आणि हॅरीला वाचवताना मरते. टाळ्या. एका निष्पाप जिवाच्या निरर्थक मरणाचं शौर्यपदक करून टाकलं. त्या प्रकरणात पहिल्यांदा कळतं की आता युद्ध आहे आणि यापुढे कोणाचं मरण अर्थ पाहून येणार नाही. सिनेमाने तेच काढून घेतलं.

आठवी_रांग

अहो घुबड, मुद्दा कुठला आणि तुम्ही कुठे. तरी उत्तर देतो. पुस्तकात वाचणाऱ्याला हॅरीच्या मनात काय चाललंय ते कळतं. पडद्यावर पिंजरा, उजेड, मेलेला पक्षी, पुढचा स्फोट, एवढं दोन सेकंदांत झालं असतं तर अर्ध्या लोकांना कळलंही नसतं. सहा सिनेमे जिने सोबत केली तिला तिच्या मर्जीने परत येऊ दिलं यात काय चुकलं? पिंजऱ्यात मरण्यापेक्षा उडताना मरणं बरं नाही का?

घुबड

चुकलं ते सांगतो. त्या प्रवासात फसवायला सहा जणांनी हॅरीचं रूप घेतलंय. सिनेमात सात हॅरींपैकी खरा कोण हे हेडविगमुळे ओळखू येतं. पुस्तकात ते एक्सपेलिआर्मस या मंत्रामुळे ओळखू येतं. समोर स्टॅन शनपाइक आहे, बसवरचा तो पोरगेला कंडक्टर, कोणीतरी त्याला मंत्राने ताब्यात घेतलंय. हॅरी त्याला बेशुद्ध करत नाही, कारण तेवढ्या उंचावरून तो पडून मेला असता. फक्त त्याची छडी उडवतो. नंतर त्याचा जुना शिक्षक ल्युपिन त्याच्यावर चिडतो, म्हणतो हा मंत्र तुझी ओळख झालाय, सोड तो. आणि हॅरी ठाम सांगतो की वाटेत आला म्हणून मी कोणाला उडवणार नाही, ते काम वोल्डेमॉर्टचं.

आता शेवटची लढाई आठवा. तिथे हॅरी कुठला मंत्र म्हणतो? तोच. ज्या मंत्रासाठी बोलणी खाल्ली त्याच मंत्राने युद्ध संपतं. अख्ख्या सातव्या पुस्तकाची गाठ या दोन प्रसंगांनी मारलीय. सिनेमाने हेडविगला शूर केलं आणि त्या बदल्यात हॅरीचा स्वभाव विकला.

रानजाई

हे मला कधीच जोडून दिसलं नव्हतं. सात-आठ वेळा तरी वाचून झालं असेल. निरोप का घ्यायचा नाही याचं उत्तर मला इथे मिळालं.

वातकुक्कुट

घुबडांना पूर्ण पाठिंबा, आणि यादी इथे थांबत नाही. वोल्डेमॉर्टचं मरण घ्या. पुस्तकात ते मोठ्या दालनात सगळ्यांच्या देखत होतं, आणि तो साध्या माणसासारखा जमिनीवर पडतो. प्रेत उरतं, ते बाजूच्या खोलीत नेऊन ठेवतात. ज्याचं नाव घ्यायला लोक थरथरत होते तो शेवटी एक मेलेला माणूस आहे, एवढंच. सिनेमात ओसाड अंगणात दोघंच, आणि त्याच्या शरीराचे कागदाच्या राखेसारखे कपटे होऊन उडतात. कोणी पाहिलं? कोणीच नाही!

पाचवं पुस्तक सगळ्यात जाड, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानं. त्याचा सिनेमा १३८ मिनिटांत उरकला. हॅरीचा मानलेला पालक सिरियस, त्याने दिलेला जादूचा आरसा तिथे गाळला, आणि सातव्यात हॅरीच्या हातात आरशाचा तुकडा अचानक कुठून आला ते सिनेमावाल्यांना आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्यात शाळेचा तो जादूचा नकाशा कोणी बनवला तेही सांगितलं नाही. पीव्ह्ज या शाळेतल्या खोडकर भुताला तर आठही सिनेमांत जागा नाही, रिक मेयलकडून त्याची दृश्यं करून घेतली होती, तीही कापली.

म्हणून मला नवी मालिका हवी आहे. एका पुस्तकाला एक अख्खा हंगाम. माझी माणसं मला परत द्या.

शेवटचं_पान

बघा, हेच. वीस वर्षं झाली आणि अजून कोणाची काय बाकी राहिली याचा हिशेब चालू आहे.

नवी_वही

मी या धाग्यावर बोलू की नको असा विचार करत होते. तुमच्या सगळ्यांकडे निवड आहे, निरोप घ्यायचा की नाही. मला ती मिळाली नाही.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण ट्रान्स आहे. आमची ओळखच या पुस्तकांमुळे झाली. शाळेत दोघी हॉगवर्ट्सच्या कोणत्या हाउसमध्ये जाऊ यावरून वर्षभर भांडलो. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत बंद केलेल्या, जे आहोत ते लपवून ठेवावं लागणाऱ्या मुलाची गोष्ट तिच्यासाठी काय होती ते तुम्हाला सांगायला नको. २०२० च्या जूनमध्ये रोलिंगबाईंनी ट्रान्स लोकांबद्दल लिहिलं ते तिने मला वाचून दाखवलं. पूर्ण. आवाज न चढवता. मग तिने सातही पुस्तकं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

रानजाई, तुम्ही लिहिलंत की घर बांधणाऱ्या बाई दार उघडं ठेवून गेल्या. सगळ्यांसाठी नाही ठेवलं.

वातकुक्कुट

लेखकाची मतं आणि पुस्तक वेगळं ठेवायला शिकलं पाहिजे. बाईंना त्यांचं मत आहे, ते कोणाला पटेल, कोणाला नाही. हॅरीने काय केलंय? प्रत्येक धाग्यात हा विषय आणायलाच हवा का?

नवी_वही

मी विषय आणला नाही. निरोपाचा धागा आहे, मी माझ्या निरोपाबद्दल बोलले. तुम्ही पीव्ह्जबद्दल तीन ओळी लिहिल्यात, तेव्हा कोणी तुम्हाला थांबवलं नाही.

रानजाई

वातकुक्कुट, त्यांना बोलू द्या. नवी_वही, ते वाक्य लिहिताना मी हा विचार केला नव्हता. माझ्या भावाला जिथे जागा मिळाली तिथून तुमच्या मैत्रिणीला निघावं लागलं, हे मला आज पहिल्यांदा नीट समोर आलं. त्याच महिन्यात रॅडक्लिफनेही लिहिलं होतं, ट्रान्स स्त्रिया या स्त्रियाच आहेत असं, आणि ज्यांची पुस्तकांची आठवण डागाळली त्यांच्यासाठी असंही की त्यांतलं जे मोलाचं वाटलं ते पूर्ण हरवू नये. तिने ते वाचलं होतं का?

नवी_वही

वाचलं होतं. पुस्तकं खोलीत आहेत, रद्दीत दिली नाहीत. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

आठवी_रांग

परत मूळ मुद्द्यावर येऊ या. घुबडांचा एक्सपेलिआर्मसचा मुद्दा बिनतोड आहे, मानावंच लागेल. पण मी दोन गोष्टी पुढे ठेवतो. सातव्याच्या पहिल्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी आई-वडिलांच्या मागे उभी राहून त्यांच्या आठवणीतून स्वतःला पुसते, भिंतीवरच्या फोटोंतून तिचा चेहरा एकेक करून नाहीसा होतो. पुस्तकात हे तिच्या तोंडून दोन-चार वाक्यांत येतं. सिनेमाने ते दाखवलं. निरोपाचं याहून चांगलं दृश्य मला दोन्हीकडे सापडत नाही.

आणि घुबड, खरं सांगा, एवढा त्रागा कशासाठी? पक्षी आहे तो. डंबलडोर गेले, सिरियस गेला, फ्रेड गेला, त्यांच्यासाठी एक ओळ नाही आणि घुबडासाठी पानंच्या पानं.

घुबड

हर्मायनीचं दृश्य चांगलं आहे. त्या जागी सिनेमाने हॅरीच्या मावसभावाचा, डडलीचा, निरोप कापला हे मात्र विसरू नका. पुस्तकात तो जाड्या, जन्मभर हॅरीला बुकलून काढणारा, घर सोडताना अडखळत सांगतो की तू फुकट जागा अडवतोस असं मला नाही वाटत, आणि हात पुढे करतो. मावशी पेट्युनिया दारात थांबते, काहीतरी बोलायचं असतं, बोलत नाही, निघून जाते. ते चित्रित केलं होतं, तरी शेवटच्या कापणीत ठेवलं नाही.

'पक्षी आहे तो' याचं उत्तर आता देतो. द्यायचं नव्हतं.

सातव्या पुस्तकाचं चौथं प्रकरण काढा, अगदी सुरुवात. घर रिकामं झालंय, हॅरी एकटा खोल्यांमधून फिरतोय. तो हेडविगला विचारतो, शेवटचं एकदा बघून घ्यायचं नाही का हे घर? ती उत्तर देत नाही. पंखाखाली डोकं घालून रुसून बसलीय. कितीतरी दिवस तिला पिंजऱ्याबाहेर सोडलेलं नाही, उडू दिलेलं नाही, म्हणून रागावलीय. हॅरीने तिच्या भल्यासाठीच तिला आत ठेवलंय, पण ते तिला कोण सांगणार? आणि ती त्या रुसव्यातच जाते.

माझी आजी तीन आठवडे दवाखान्यात होती. तिला घरी जायचं होतं. रोज म्हणायची, मला माझ्या कॉटवर न्या. आम्ही रोज सांगायचो, अजून चार दिवस, तुझ्या भल्यासाठीच. शेवटच्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती, मला तिची पापणी हलताना दिसत होती. मी म्हटलं, "आजी, येतो उद्या." ती वळली नाही. पदर कानावर ओढून घेतला. मी म्हटलं, रागावू दे, उद्या बोलेन.

पुस्तक मी आधी वाचलेलं होतं, पण ते पान लक्षात राहिलं नव्हतं. ती गेल्यावर वर्षाने पुन्हा वाचलं. पंखाखाली डोकं. आणि सिनेमात तीच हेडविग वळून परत येते, रुसवा सोडून. मलाही तेच हवं होतं हो. म्हणूनच ते दृश्य मला बघवत नाही.

आठवी_रांग

घुबड, 'पक्षी आहे तो' हे मी लिहायला नको होतं. मागे घेतो.

हेडविग परत येते ते दृश्य मला का लागतं ते मी कधी तपासलं नव्हतं. माझे बाबा परत आले होते. घर सोडून गेले होते, पाच वर्षांनी आले, थोडे महिने राहिले आणि मग गेले, कायमचे. तो सिनेमा मी त्यानंतरच्या वर्षी पाहिला. त्यामुळे ते दृश्य मी सोडणार नाही. पण पुस्तकातलं ते पान आज वाचेन, सातवं माझ्याकडे आहे, अर्धवट वाचलेलं.

घुबड

तुमचं दृश्य तुमच्याजवळ ठेवा. मी त्यावर पुन्हा बोलणार नाही. एक्सपेलिआर्मसवर मात्र बोलेन.

शेवटचं_पान

मी दिवसभर हे वाचत होतो. वाढ खुंटण्याचं ते वाक्य मागे घेतो, रानजाई. बाकी माझं मत तेच आहे. नाटक माझ्या घरात नाही, मालिका बघणार नाही, आणि एकोणीस वर्षं न दुखलेला व्रण माझ्यापुरता तसाच राहील. एक सांगतो, शेवटी हॅरीला सगळ्यात ताकदवान छडी मिळते ना, पुस्तकात तो तिचा एकच उपयोग करतो. स्वतःची मोडलेली जुनी छडी दुरुस्त करतो आणि ती ताकदवान छडी परत ठेवून देतो. सिनेमात तो ती तोडून दरीत फेकतो, जुनीचं काय झालं ते कोणी विचारत नाही. मला पुस्तकातलं बरोबर वाटतं. तुम्हीही तेच करताय बहुतेक, जुनंच पुन्हा पुन्हा जोडून वापरणं. त्याला मी हरकत घेणार नाही. नव्याला घेईन.

वातकुक्कुट

मी मालिका बघणारच. पीव्ह्ज असला तर इथे येऊन सांगेन. नवी_वही, मी दुपारी जे लिहिलं ते घाईत लिहिलं. विषय तुमचाही आहे.

रानजाई

शेवटचं_पान, नव्याबद्दल आपलं जमणार नाही, माझा भाऊ मालिकेची वाट बघतोय आणि मी त्याच्याबरोबर बघणार आहे.

काल रात्री त्याचा फोन आला नव्हता, मीच केला. म्हटलं, आज मला वाचायचंय, तू ऐक. चौथं प्रकरण काढलं. रिकामं घर, जिन्याखालची खोली, आता तिथे छत्र्या आणि बूट ठेवलेले. हेडविग रुसलेली. मग हॅग्रिड येतो, हॅरी साइडकारमध्ये अंग चोरून बसतो. तिथे भावाने मला थांबवलं. "ताई, पिंजरा कुठे ठेवला त्याने?"

मी ओळ पुन्हा वाचली. गुडघ्यांच्या मध्ये, घट्ट दाबून.

"बरं," तो म्हणाला. "पुढे वाच."